आईचं मत कुणी दिलं

या पानावर लिहिणारे बहुतेक जण आधीच सांगून टाकतात की आपण असलं काही मानत नाही. मीही मानत नव्हते. आमच्या गल्लीत एका बाईच्या अंगात यायचं, तेव्हा सगळ्या बायका ओटी घेऊन रांगेत उभ्या राहायच्या आणि मी समोरच्या कट्ट्यावर बसून शेंगा फोडत मजा बघायचे. लिंबू-मिरची, उतारा, अमावस्येला प्रवास नको... यातलं काहीच आमच्या घरात नाही. नवरा तर माझ्याहून कडक. त्यामुळे खाली ‘ताई, तुम्हाला भास झाला असेल’ असं लिहायला ज्यांची बोटं शिवशिवतायत, त्यांनी आधी पूर्ण वाचावं. भास एकट्याला होतो. इथे मी होते, माझा भाऊ होता, मतदान घेणारे सरकारी लोक होते, आणि तीन पार्ट्यांचे तीन एजंट होते जे एरवी आज वार कोणता यावरही भांडतील.

आणखी एक. भुताची गोष्ट म्हणून वाचायला आला असाल तर निराश व्हाल. मला त्या दिवशी भीती वाटली नाही, राग आला होता. तो अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितेय.

मी बेळगावात राहते, मच्छेच्या बाजूला. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात स्टोअरचं काम बघते. माहेर निपाणी भागातलं. हायवेने संकेश्वर मागे टाकलं की पुढे एका फाट्यावरून आत वळायचं, दोन्हीकडे ऊस, मधेमधे तंबाखूची रानं. गावाचं नाव देत नाही, कारण यातली सगळी माणसं अजून तिथेच राहतात. गावात शिरतानाच सरकारी शाळा लागते. वरचा बोर्ड कन्नडमध्ये, त्याखाली मराठीतला, रंग उडालेला. याच शाळेत मी शिकले, माझा मोठा भाऊ अण्णाही शिकला. मतदान तिथेच होतं, फाटकातून आत गेल्यावर उजव्या हाताच्या वर्गात, कारण त्या वर्गाला दोन दारं आहेत. पुढच्या दाराने मतदार आत जातो आणि मागच्या दाराने बाहेर पडतो. मागची वाट शाळेला वळसा घालून परत रस्त्याला लागते.

आता अण्णाबद्दल. अण्णा गावातला कार्यकर्ता. कुठल्या पार्टीचा ते विचारू नका, तो दर दोन निवडणुकांनी बदलतो. पण पार्टी कुठलीही असली तरी त्याचं एक वाक्य ठरलेलं — ‘आमच्या घरातली सगळी मतं तुमचीच.’ घरातली मतं म्हणजे काय, तर वहिनी, दोन्ही पोरं, चुलते, चुलती आणि आई. जशी घरातली भांडी, तशी घरातली मतं. वहिनी आणि पोरं आत जाऊन काय दाबत असतील ते त्यांनाच ठाऊक. पण आईच्या बाबतीत अण्णाने कसलीच रिस्क ठेवलेली नव्हती.

ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याला मत देताना सोबत माणूस नेता येतो, हा नियम आहे. तो माणूस मतदाराच्या सांगण्याप्रमाणे बटण दाबतो. आईला मोतीबिंदू झाला तेव्हा अण्णा असा पहिल्यांदा तिच्यासोबत आत गेला. ठीक आहे, तेव्हा गरज होती. नंतर ऑपरेशन झालं. आई पुन्हा तांदळातले खडे वेचायला लागली, सुईत दोरा ओवायला लागली, लांबून येणारी बस कुठली ते आमच्या आधी सांगायला लागली. तरीही ग्रामपंचायत असो, विधानसभा असो, अण्णा तिचा दंड धरून आत जायचा आणि साहेबाला सांगायचा, “दिसत न्हाय वो तिला.” आणि ही बाई, जिने तरुणपणी निपाणीच्या वखारीत तंबाखू वेचून आम्हा दोघांना वाढवलं, ती तिथे आंधळी होऊन उभी राहायची. चारचौघांत पोराला खोटं कसं पाडायचं, म्हणून गप्प बसायची.

हे मला तिने कधी सांगितलं नव्हतं. शेवटचे काही महिने ती माझ्याकडे बेळगावात होती, दवाखान्यासाठी. तेव्हा टीव्हीवर निवडणुकीचं सुरू झालं होतं. एकदा दुपारी भाजी निवडताना म्हणाली, “सुमे, ते बटण लई जोरात दाबाय लागतं व्हय?”

मी म्हटलं, “न्हाई गं. आवाज येईपर्यंत दाबायचं.”

“आणि काचेत चिठ्ठी दिसती म्हणं. कुणाला दिलं त्येची. खरंच दिसती?”

“दिसते की. तू कधी बघितली नाहीस?”

“कशी बघनार. अण्णाचं डोस्कं मधी असायचं.”

मग तिने सगळं सांगितलं. चिडून नाही, भाजी निवडता निवडता. मी चिडले. मी तिथल्या तिथे अण्णाला फोन लावायला निघाले, तर तिने हात धरला. “फोन करू नगो. त्यो ओरडंल, तू ओरडशील. ह्या खेपेला मला तू घिऊन चल. मी माझी आत जाणार, माझं मी दाबणार. एकदा तरी.” मी तिला पुठ्ठ्यावर मशीन काढून दाखवलं. चिन्हं कुठे, बटण कुठे, लाल दिवा कुठे लागतो. दोन दिवस तो पुठ्ठा तिच्या उशाशी होता. कुणाला देणार हे ती बोलली नाही आणि मी विचारलं नाही.

मतदानाच्या तीनेक आठवडे आधी ती गेली. झोपेत गेली. गावी नेलं, सगळं तिथेच केलं. अण्णा ढसाढसा रडला, हेही सांगायला पाहिजे. तो वाईट पोरगा नव्हता असं गाव म्हणतं. असेल.

मतदानाच्या दिवशी सकाळी मी आणि नवरा लवकर जाऊन आमचं मत देऊन आलो. घरी येऊन चहा टाकला तर वहिनीचा फोन. हळू बोलत होती. “वन्सं, ह्यांनी आईंचं कार्ड कपाटातनं काढून नेलंया. कागलकडनं एक म्हातारी आणलीया गाडीतनं. मला काय कळंना बगा.”

मला एका क्षणात कळलं. आईचं नाव यादीतून अजून गेलेलं नव्हतं. तीन आठवड्यांत कुठे जातं. अण्णाने कागलकडची, म्हणजे पलीकडच्या महाराष्ट्रातली म्हातारी आणली होती, जिचं इथे मतच नाही. तिला आईचं कार्ड द्यायचं, डोळे गेलेत म्हणून सांगायचं, आणि हा सोबतीला आत जाऊन बटण दाबणार. आई जिवंत असताना जे केलं तेच, फक्त आता आईची अडचणही नाही.

चहा तसाच ठेवून निघाले. नवरा म्हणाला, संध्याकाळी जाऊ. मी म्हटलं, संध्याकाळी काय जाळायचंय. बसेस निम्म्या निवडणुकीच्या कामाला गेलेल्या. स्टँडवर ही गर्दी. संकेश्वरपर्यंत उभी राहून आले, तिथून वडापच्या, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या, जीपमध्ये, मग फाट्यापासून चालत. मे महिन्याचं ऊन. सगळ्या वाटेने मी मनात अण्णाला काय काय बोलायचं ते घोकत होते, आणि जे घोकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शाळेच्या अलीकडे, जिथे चुन्याची रेघ मारून गाड्या अडवतात, तिथे अण्णाची जीप उभी होती. पुढच्या सीटवर एक म्हातारी बसलेली. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. अण्णा गाडीच्या मागे उभा राहून गुटखा चघळत होता. मला बघून त्याचा चेहरा पडला.

“तू कशाला आलीस? तिकडं मत टाकलंस न्हवं?”

“आईचं कार्ड कुठाय?”

“हळू बोल.”

“कार्ड कुठाय अण्णा?”

“हाय गाडीत, गौराक्काजवळ. हे बग, सगळ्यांचं ठरलंय. आताच आत जाऊन सांगून आलो. कोण काय बोलणार न्हाय.”

आणि मग त्याने ते ठरलेलं काय असतं ते मला समजावून सांगितलं. अगदी शांतपणे, मी लहान असताना सायकल शिकवायचा तशा आवाजात. गावात मेलेल्यांची आणि मुंबई-पुण्याला गेलेल्यांची मतं पार्ट्यांनी वाटून घेतलेली असतात. ज्याच्या घरातलं माणूस मेलं, ते मत त्याच्या घरच्यांचं. असं नाव पुकारलं गेलं की तिन्ही पार्ट्यांच्या एजंटांनी मान खाली घालायची आणि समोरच्या कागदात बघत राहायचं. ओळखायला वर बघायचंच नाही. बाहेरगावच्या साहेबाला कुठे कोण ओळखतं. एजंट गप्प, म्हणजे माणूस खरा. एरवी एकमेकांच्या बांधावरून कोर्टात जाणारी ही माणसं इथे मात्र एकदिलाने खाली बघतात.

“गजूच्या बाचं मागच्या खेपंला असंच झालं. आमी काय बोललो? आता आपली पाळी.”

“पाळी? अण्णा, आईचा महिना झाला न्हाई अजून.”

“म्हणून मत वाया घालवायचं व्हय? घरातलं मत हाय ते.”

“तिचं मत होतं ते. तिनं मला सांगितलं होतं, ह्या खेपेला माझं मी दाबणार म्हणून. तुला ठाऊक आहे? तुझ्यामुळे ती इतकी वर्षं आंधळी होऊन उभी राहिली तिथं.”

तो खाली थुंकला. मग म्हणाला, “बरं. मग आता काय ती ईल व्हय दाबायला?”

तो असं बोलला. मी शब्द बदललेले नाहीत.

मी सरळ शाळेकडे चालू लागले. आत जायचं आणि साहेबाला सांगायचं, बस्स. पण फाटकावरच्या पोलिसाने अडवलं. इथं तुमचं मत नाही, आत सोडता येणार नाही. मी त्याला कन्नडमध्ये सांगायला लागले की आत बोगस मतदान होणार आहे, साहेबांना बाहेर बोलवा. तो म्हणे, लेखी द्या. मी म्हटलं, कागद दे, देते. आमचं हे चाललेलं असताना अण्णा मागून आला आणि त्याने माझं कोपर धरलं. दुपारची वेळ, रांग नव्हती, पटांगण मोकळं होतं. त्या वर्गाची एक खिडकी फाटकाच्या अगदी जवळ आहे. आतलं बोलणं ऐकू येत होतं.

आतून कुणीतरी आमच्या आईचं नाव वाचलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मग साहेबाचा आवाज, कन्नडमध्ये, जरा मोठ्याने, म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तसा. तुमचा मुलगा म्हणत होता तुम्हाला दिसत नाही, तो सोबत येणार होता, कुठे आहे तो?

आणि आई म्हणाली, “ननग काणस्तैति. नान ओत्ततेनि.”

मला दिसतंय. मीच दाबते.

आईचं कन्नड वखारीतलं. चिक्कोडीकडच्या बायकांसोबत बसून शिकलेलं. कन्नड शब्द आणि मराठी हेल, आम्ही भावंडं लहानपणी त्या हेलाची नक्कल करून तिला हसवायचो. जगात तसं कन्नड बोलणारी एकच बाई होती.

इथे मला प्रामाणिकपणे लिहायला पाहिजे की माझ्या मनात आधी काय आलं. मला वाटलं, अण्णाने त्या बाईला आत पाठवलं. माझ्याशी बोलण्यात वेळ काढला आणि तिकडून काम उरकलं. मी त्याच्याकडे वळले, खरं म्हणजे मी त्याला मारणारच होते. तर त्याचा हात माझ्या कोपरावरून कधीच सुटलेला आणि त्याचं तोंड उघडं. त्याने तेच ऐकलं होतं. मी रस्त्याकडे पाहिलं. जीप जागेवर होती आणि हिरव्या लुगड्यातली गौराक्का पुढच्या सीटवर बसून पदराने वारा घेत होती.

मग मशीन वाजलं. मत पडल्यावर तो लांब आवाज येतो ना, तो.

अण्णा धावला. त्याचं मत त्या गावात असल्याने पोलिसाने त्याला सोडलं, आणि त्या गोंधळात मीही आत शिरले. पोलीस मागून ओरडत राहिला. वर्गात कुणीच मतदार नव्हता. मागचं दार उघडं, बाहेर ऊन आणि रिकामी वाट. अण्णा मागच्या दारापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. पायरी उतरला नाही.

साहेब गोकाककडचे होते, कुठल्यातरी ऑफिसातले. आधी ते माझ्यावर भडकले, मग मी सांगितलं ते ऐकून आणखी भडकले. त्यांचं म्हणणं सरळ होतं — बाई आली, कार्ड दाखवलं, कार्डावरचा फोटो आणि चेहरा जुळला, एजंटांनी हरकत घेतली नाही, बाईने एकटीने मतदान केलं आणि गेली. मी म्हटलं, ती माझी आई आहे आणि ती वारली आहे. त्यांनी समोरचं रजिस्टर मिटलं. मग अण्णाकडे वळून म्हणाले, “मग तुम्ही सोबत कुणाला आणणार होता?”

अण्णाने मान खाली घातली.

“मेडम, तक्रार करायची असेल तर लिहून द्या,” साहेब म्हणाले. “पण मग मला यांचंही नाव लिहावं लागेल. आणि तक्रार काय लिहिणार?”

तक्रार काय लिहिणार... मी त्यांच्यावर ओरडले, तेव्हा जेवढं ओरडता आलं तेवढं. सही केलेलं रजिस्टर दाखवा असं मी म्हटलं, तर ते दाखवता येत नाही. खोलीत कॅमेरा आहे का विचारलं, तर या खोलीत नाही. मग मी एजंटांकडे वळले. तिघेही बाकावर बसलेले, तिन्ही माना खाली. अजूनही. ठरलं होतं ना, नाव पुकारलं की खाली बघायचं. समोर कोण उभं आहे ते बघायचं नाही, कारण बघितलं तर बोलावं लागतं. माझी मेलेली आई त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर उभी होती आणि ही माणसं कागदात तोंड खुपसून बसली होती.

त्यातला गजू आमच्या शेजारचा. आईच्या हातचं खाऊन वाढलेला. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. “गजू, तू तरी बघितलंस का?”

“आमी खालीच बगत हुतो, सुमनाक्का.”

“आवाज ऐकलास?”

त्याने हातातल्या कागदाची घडी घातली. मग म्हणाला, “आवाज आला तवा वर बघितलं मी. पाठ दिसली. मशीनच्या पुठ्ठ्यामागं चालल्या हुत्या. काकूच हुत्या, चालणं काकूंचं हुतं.” एवढं बोलून तो उठला, दुसऱ्याला बसायला सांगितलं आणि घरी निघून गेला. त्या दिवशी परत बूथवर आला नाही.

एक गोष्ट मी वर मुद्दाम लिहिली नाही, कारण मलाही ती तिथेच कळली. शाई लावायला अथणीकडची एक तरुण शिक्षिका बसली होती. माझा आरडाओरडा ऐकून ती घाबरली होती. ती साहेबांना म्हणाली, “सर, मी तुम्हाला विचारूनच लावली ना मधल्या बोटाला.”

मी विचारलं, “मधल्या का? शाई पहिल्या बोटाला लावतात.”

“त्यांच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं वरचं पेरच नव्हतं, मेडम.”

आईचं ते पेर लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात गेलं होतं.

मी खाली बसले. शाळेतल्या त्या फरशीवर, माझ्या जुन्या वर्गात. कुणीतरी पाणी दिलं. भीती नव्हती, खरंच नव्हती. मला फक्त एवढंच वाटत होतं की मी पोलिसाशी भांडत बसण्यापेक्षा मागच्या वाटेला पळाले असते तर मला ती दिसली असती. तो चुकलेला क्षण आठवला की अजूनही त्या पोलिसाला शिव्या घालते, बिचाऱ्याचा काही दोष नसताना.

बाहेर आलो तर गौराक्का वैतागलेली. ती कागलकडची, आमच्या आईला तिने आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. अण्णाला बघताच तिने सुरू केलं. “तुमची आई चालती-बोलती हाय तर मला कशाला आणलंसा हो असल्या उन्हातनं?”

अण्णाने विचारलं, “कुठली आई?”

“आलती न्हवं मगाशी. तुमी दोघं गाडीमागं भांडत हुतासा तवा. ह्या खिडकीशी आली, म्हनली, ते कार्ड माझं हाय, दे. मी फोटो बघितला, तिचाच हुता. दिलं.” मग तिने पदराखालून कार्ड काढून पुढे केलं. “आता परत आणून दिलं. म्हनली, हे ठेव, मला आता लागत न्हाय.”

अण्णाने कार्ड घ्यायला हात पुढे केला नाही. मी घेतलं. ते अजून माझ्याकडे आहे.

आता तुम्ही जी स्पष्टीकरणं द्याल ती मी सगळी देऊन बसले आहे. दुसऱ्या पार्टीने आईसारखी दिसणारी बाई आधीच पाठवली? अण्णाने तेव्हा तेच धरलं आणि गजूच्या पार्टीशी आठवडाभर भांडला. पण तसल्या बोटाची, तसल्या हेलाची, फोटोसारख्या चेहऱ्याची बाई त्यांनी कुठून आणली? आणि आणली असती तर ती गाडीशी येऊन कार्ड परत कशाला देईल? मला रागाच्या भरात आवाज ऐकू आला म्हणावं, तर अण्णाला कसला राग होता? गौराक्काला कुणी पढवलं म्हणावं, तर तिला आमच्या घरचं काय ठाऊक? मी त्यानंतर दोनदा तिच्या गावी जाऊन आले. दोन्ही वेळा तिने तेच सांगितलं, तितक्याच वैतागून. उन्हात बसवल्याबद्दल अजून चिडलेली आहे.

गावाने नेहमीप्रमाणे याचं वाट्टेल ते केलं. कुणी म्हणे काकूंचा जीव अडकलाय, कुणी म्हणे शाळेत जाऊ नका. अण्णाने एका भटजीला विचारलं, मग दुसऱ्याला, मग एका देवऋष्याकडे जाऊन काहीतरी बांधून आणलं आणि घराच्या चौकटीला लावलं. आई परत येऊ नये म्हणून. मी ते उपटून टाकलं. वहिनीने बघितलं आणि केरसुणी आणून चौकट झाडून टाकली. आई अडकलेली नव्हती. तिला एक काम करायचं राहिलं होतं, ते तिने केलं आणि ती गेली, असं मला वाटतं. पण हे स्पष्टीकरण नाही, हे मलाही कळतं.

निकाल लागला तेव्हा अण्णाने आपल्या बूथचे आकडे आणले. गावातले कार्यकर्ते असे आकडे घेऊन घराघराचा हिशेब जुळवत बसतात, कुणाच्या घरातलं मत फुटलं ते शोधायला. अण्णाचा हिशेब जुळेना. त्याने वहिनीला विचारलं, पोरांना विचारलं, चुलत्याला विचारलं. मग वर्षश्राद्धाला मी गेले होते. जेवणं झाली, माणसं गेली. मी मागे भांडी विसळत होते तर तो येऊन शेजारी बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, आता तरी हा आईबद्दल काहीतरी बोलेल. त्या उन्हात ती अनवाणी आली असेल का विचारेल. मला तिची आठवण येते का विचारेल. तिला इतकी वर्षं आंधळं ठरवलं, एवढं निदान एकदा तोंडाने म्हणेल.

“सुमे,” तो म्हणाला, “शेवटाला तुझ्याकडं हुती ती. तुला म्हनली असंल. कुणाला दिलं असंल गं तिनं?”

आई मेल्यावर उन्हातून चालत आली, आणि या माणसाला वर्षभर झोप नाही ती कुठलं बटण दाबलं म्हणून. मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. म्हटलं, “मला ठाऊक न्हाई, अण्णा. आणि ठाऊक असतं तरी तुला सांगितलं नसतं.”

तो उठून गेला. त्यानंतर आम्ही नीट बोललेलो नाही.

ती कशी आली, याचं उत्तर माझ्याकडे नाही. इथे कुणाकडे असेल तर जरूर लिहा, मी ऐकून घेईन. पण कुणाला दिलं असेल, एवढं विचारू नका. ते तिलाच माहीत. त्या पुठ्ठ्यामागे ती एकटी होती.